डाव्या पायाची सुटी

वाचकहो, गुडघ्यांविषयी या सदरातून आपण अनेकदा बोललो आहोत. जिने, भारतीय बैठक, उकिडवे बसणे, सकाळचा ताठरपणा हे सारे विषय झाले. आज त्याच गुडघ्याची एक निराळी हकिकत सांगायची आहे. ती घरात घडत नाही, घाटात घडते.

माझी आई पाचगणीला राहते. वय ब्याऐंशी. पुण्याला येऊन राहा म्हटले, की तिचे उत्तर ठरलेले: "इथली हवा सोडून तुमच्या त्या धुरात मी काय करू?" म्हणून दर पंधरा दिवसांनी मीच जाते. खंबाटकी ओलांडायची, सुरूर फाट्यावरून वाईकडे वळायचे आणि पसरणीचा घाट चढायचा, हा माझा तीस वर्षांचा रस्ता. घाटात पुढे एखादा भरलेला ट्रक लागला, की पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. प्रत्येक वेळी डावा पाय क्लचवर. तो पाय कधी तक्रार करील असे मला वाटले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याने ती केली. आईच्या दारात उतरताना गाडीचे दार धरून मिनिटभर उभे राहावे लागू लागले.

डॉक्टरांनी गुडघ्याची झीज सांगितली, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, वजनाविषयी दोन शब्द सुनावले आणि शेवटी विचारले, "गाडी कोणती चालवता?" त्या प्रश्नातून आमच्या घरी ऑटोमॅटिक गाडी आली. मुलगा म्हणाला, "आई, आता तुझ्या डाव्या पायाला कायमची सुटी." मलाही तसेच वाटले. दुखण्यावर औषध मिळाले, विषय संपला.

विषय संपलेला नव्हता.

एक चष्मा आणि दीड हात रस्ता

आईच्या घराकडे जाणारी गल्ली चांगलीच चढाची आहे. नव्या गाडीतून आईला बाजारातून घरी आणत होते. गल्लीच्या मध्यावर एक मूल चेंडूमागे धावत आले. उजवा पाय ब्रेकवर गेला, तो योग्यच होता. पण त्याच क्षणी तीस वर्षांचा इमानी डावा पायही क्लच दाबायला धावला. क्लच तिथे नव्हता. होता तो ब्रेकचा रुंद पेडल. क्लच जितक्या जोराने दाबायची सवय, तितक्याच जोराने तो दाबला गेला आणि गाडी भिंतीवर आदळल्यासारखी थांबली. आईने पट्टा लावला होता, म्हणून ती सावरली; तिचा चष्मा मात्र उडून खाली पडला.

मी गोंधळले आणि दोन्ही पाय उचलून घेतले. गाडीत चढावर धरून ठेवणारी सोय होती, पण ती दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. तेवढा वेळ मी नुसती बसून राहिले. मग गाडी मागे सरकू लागली. दीड हात सरकली असेल. मागे कोणी नव्हते, हे आमचे नशीब. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

आईने खाली वाकून चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "गाडी नवी आली गं, पण तू जुनीच आहेस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चालक ठेवावा, असा विचार मनात आला. त्यात कमीपणा काही नाही. पण मग आईकडे जाणे दुसऱ्याच्या सवडीवर येणार होते. रात्री फोनवर तिचा आवाज खोल वाटला, म्हणून सकाळी उठून निघावे, हे स्वातंत्र्य संपणार होते. साठीकडे झुकताना माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. ही इतक्यात सोडायची माझी तयारी नव्हती.

पाय विसरत का नाही?

आईचे ते वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होते. सायकल चालवणे, पोहणे, क्लच दाबणे ही कौशल्ये आपण विचार करून वापरत नाही. वारंवार केलेल्या हालचाली मेंदूत अशा रुजतात, की पुढे त्यांना जाणिवेची परवानगी लागत नाही. नवी सवय जुनी सवय पुसून टाकत नाही. ती तिच्या शेजारी उभी राहते. शांत असताना नवी सवय पुढे येते. घाबरलो, दचकलो, थकलो, की जुनी तिला बाजूला सारते. म्हणूनच सपाट रस्त्यावर आठवडाभर निर्धास्त चालवणारा माणूस चढावर, मागे गाड्यांची रांग असताना चुकतो.

यावर उपाय उपदेशाचा नाही, सरावाचा आहे. आणि तो सराव थोडा थोडा, पुन्हा पुन्हा करावा लागतो. एका दिवशी चार तास चालवण्यापेक्षा आठ दिवस रोज अर्धा तास चालवणे अधिक उपयोगी पडते, कारण शिकलेली हालचाल पक्की होण्यात रात्रीच्या झोपेचाही वाटा असतो.

पहिला धडा डाव्या पायाचा. त्याच्यासाठी बहुतेक गाड्यांत डावीकडे पाय टेकवायची जागा असते. गाडी सुरू करण्यापूर्वी डावा पाय तिथे नेऊन ठेवावा, टाच मागे घ्यावी आणि मनाशी म्हणावे, 'तू इथेच.' ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींचे काम एकट्या उजव्या पायाचे. एक पाय दोन्ही पेडल एकाच वेळी दाबू शकत नाही, हीच त्यातली सुरक्षितता.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑटोमॅटिक गाडीने सुटी मिळते ती डाव्या गुडघ्याला. उजव्याचे काम तसेच राहते. दुखणे उजव्या गुडघ्याचे किंवा घोट्याचे असेल, तर केवळ गाडी बदलून भागणार नाही. पायावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार देईपर्यंत चालकाच्या जागी बसू नये. मधुमेहामुळे तळपाय बधिर होत असतील, तर पेडल किती दाबला गेला हे पायाला कळत नाही. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये आणि घरच्यांपासूनही.

चढ

आईच्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते. ऑटोमॅटिक गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती; पण घाट त्यांच्या हाडांत मुरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ताई, गाडीचं मला ठावं न्हाई, पर चढाचं सांगतो. चढावर गाडी सोडायची नसती, द्यायची असती. ब्रेककडनं इंजिनकडं द्यायची. मधी कुणाच्याच हातात न्हाई, असं व्हऊ द्यायचं न्हाई."

मामांच्या या एका वाक्यात सारे यंत्रशास्त्र आले. रस्ता दहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढत असेल, तर बाराशे किलोच्या गाडीला सुमारे एकशेवीस किलो वजनाइतकी ओढ मागे खेचत असते. ब्रेक सुटला आणि इंजिनाने ही ओढ पेलली नाही, तर गाडी मागे जाणारच. टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडताच आपणहून हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे सौम्य चढावर ती मागे येत नाही. तीव्र चढावर मात्र ती ताकद अपुरी पडते. माझी गाडी एएमटी, म्हणजे आत नेहमीचाच क्लच आहे, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबते. अशा गाडीत ॲक्सिलरेटर मिळाल्याशिवाय क्लच पुरता धरत नाही, म्हणून ती मागे येण्याचा संभव अधिक. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. विकत घेताना रंगाची चौकशी आपण जितक्या बारकाईने करतो, तितक्याच बारकाईने हीही करावी.

थांबलेली गाडी चढावर पुढे नेण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे हँडब्रेक. उजवा पाय ब्रेकवर असतानाच हँडब्रेक ओढावा. मग पाय ॲक्सिलरेटरवर नेऊन हलकेच दाबावा. गाडी पुढे जायला धडपडते आहे, हे सीटमधूनच कळते. ते कळले, की हँडब्रेक सावकाश सोडावा. चढावर धरून ठेवणारी सोय असेल, तर ती मिळालेले दोन-तीन सेकंद पाय बदलण्यासाठी असतात, विचार करण्यासाठी नव्हेत.

कोंडीत चढावर उभे असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तरंगत ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. एएमटी किंवा दुहेरी क्लचच्या गाडीत त्याने क्लच तापतो, जळका वास येतो आणि गाडी ऐन घाटात असहकार पुकारू शकते. थांबायचे तर ब्रेकवरच थांबावे. थांबणे लांबले, तर हँडब्रेक ओढून एन करावे. चालत्या गाडीत गिअर सतत वर-खाली होऊन धक्के बसू लागले, तर हाताने गिअर निवडण्याची सोय वापरून दुसरा गिअर धरून ठेवावा. पुढच्या वाहनाच्या मागे चिकटू नये. ते मागे सरकले तर आपल्याला जागा हवी, आणि आपल्यालाही थांबून पुन्हा निघायचे आहे.

मामांनी मला त्या गल्लीत सकाळी सात वाजता, वर्दळ नसताना, दहा वेळा थांबवले आणि दहा वेळा निघायला लावले. पहिल्या तीन वेळा माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. "ताई, श्वास घ्या की," ते म्हणाले. खरेच, मी श्वास रोखून धरला होता. भीती वाटली, की आपण श्वास अडवतो, मुठी आवळतो, आणि आवळलेल्या स्नायूंकडून नाजूक काम होत नाही. निघण्यापूर्वी एकदा सावकाश, लांब श्वास सोडावा. तेवढ्याने खांदे उतरतात आणि पाय हलका होतो.

उतार

चढाची भीती सर्वांनाच वाटते. उताराची वाटत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून घाट उतरताना अनेक गाड्या वरचा गिअर निवडतात, इंजिनाचा अटकाव कमी होतो आणि वेग आवरण्याचा सारा भार ब्रेकवर पडतो.

हा भार किती? पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे आणि वाई सुमारे सातशे मीटरवर. माणसे आणि सामान धरून चौदाशे किलोची गाडी हे सहाशे मीटर उतरते, तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने पंचवीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. त्यातली काही टायर आणि हवा घेतात. उरलेली इंजिनाने घेतली नाही, तर ब्रेकच्या चकत्यांनाच घ्यावी लागते. त्या तापल्या, की त्यांची पकड ढिली होते. ब्रेक ऑइल उकळले, तर पेडल मऊ लागतो आणि खोल जातो. घाटात ब्रेक लागले नाहीत, असे आपण वाचतो, त्यामागे पुष्कळदा हीच साखळी असते.

म्हणून जुन्या चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे: ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात तो उतरावा. उतार सुरू होण्यापूर्वीच हाताने गिअर निवडण्याची सोय वापरून दुसरा किंवा तिसरा गिअर घ्यावा. काही गाड्यांत त्यासाठी एल, एस किंवा बी अशी खूण असते. इंजिनाचा आवाज वाढेल. तो त्रासाचा नाही, इंजिन गाडीला मागे खेचते आहे याचा आवाज आहे. ब्रेक सारखा दाबून ठेवू नये. वळणाआधी तो नीट दाबून वेग कमी करावा आणि पाय उचलून ब्रेकला निवू द्यावे. इंधन वाचवण्यासाठी उतारावर एन करणे किंवा इंजिन बंद करणे ही काटकसर नव्हे, आत्मघात आहे. इंजिन बंद झाले, की ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही थांबते.

विजेवरच्या गाडीत उतारावर मोटार वेग आवरते आणि बॅटरी भरते, ही चांगली गोष्ट. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर हा अटकाव कमी मिळतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल, तर निघताना बॅटरीत थोडी जागा ठेवावी.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागला, तर रुंद, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ब्रेक निवेपर्यंत सोबतच्यांना खोऱ्यातली कृष्णा दाखवावी. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. आणि अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. हा केवळ शिष्टाचार नव्हे, नियमही आहे. त्यामागचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे: चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणे अवघड जाते.

थांबताना आणि निघताना

उतारावर गाडी उभी करताना नुसते पी वर विसंबू नये. पी मध्ये गिअरच्या आतली एक छोटी खुंटी चाके अडवते. गाडीचे सारे वजन तिच्यावर टांगणे बरे नाही. ब्रेक दाबून एन करावे, हँडब्रेक ओढावा, ब्रेक सोडून गाडीला हँडब्रेकवर बसू द्यावे, मग पुन्हा ब्रेक दाबून पी घ्यावे. कित्येक एएमटी गाड्यांना पी नसतोच; तिथे हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाकाला दगड लावला असेल, तर निघताना तो उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा. आपली काळजी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू नये.

बसण्याविषयीही थोडे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट पुढे असावी. पायात टाचेला पट्टा असलेली वहाण किंवा बूट असावेत. सैल चप्पल पेडलखाली अडकते. वळणांनी मळमळणाऱ्यांनी पुढे बसून दूरवर पाहावे, मोबाइल पाहू नये. उलटीवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या प्रवाशांसाठी, चालकासाठी नव्हेत. आणि घरच्या मंडळींना एक विनंती: नव्याने शिकणाऱ्याशेजारी बसून "अगं, जपून!" असे ओरडू नये. त्या ओरडण्यानेच जुना पाय जागा होतो.

मला पूर्ण सराव व्हायला सुमारे दोन महिने लागले. आधी घराजवळचा उड्डाणपूल, मग खंबाटकी, मग मामांना सोबत घेऊन पसरणी, आणि शेवटी एकटीने. मधल्या काळात एक फेरी मुलाने केली, एक मी बसने केली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. शरीराला नवे शिकवायचे, तर त्याला वेळ द्यावा लागतो. वयाच्या साठीत तो वेळ थोडा अधिक लागतो, एवढेच. गुडघ्याचे व्यायाम अजून चालू आहेत. गाडी बदलली म्हणून ते सोडले नाहीत. आपणही सोडू नका.

परवा आईला तपासणीसाठी वाईला खाली नेले. दुसऱ्या गिअरात, इंजिनाचा तो भरीव आवाज ऐकत, वळणामागून वळण घेत आम्ही उतरलो. निम्म्या घाटात ती काही बोलेनाशी झाली, म्हणून पुढचा सरळ तुकडा पाहून मी क्षणभर तिच्याकडे नजर टाकली. मान एका बाजूला कलून ती गाढ झोपली होती. चष्मा नाकावरच होता.